प्रिंटर ड्रायव्हर ४

थापाड्याचं खरं नाव त्याच्या बायकोलासुद्धा फॉर्म भरतानाच आठवतं. बावीस वर्षांपूर्वी मास्तरांनी हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की आता सूनसुद्धा फोनवर चुकून सांगते, "थापाड्याबाबा अंघोळीला गेलेत."

माणूस तसा साधा. प्रिंटर दुरुस्त करतो, बोटं कायम शाईने निळी. पण नाद विचारू नका! कॉम्प्युटरची नवी सिस्टीम बाजारात यायच्या आधी कंपनी तिच्या कच्च्या आवृत्त्या काढते. त्यांना या नादातली मंडळी 'बिल्ड' म्हणतात. काही बिल्ड कधी बाहेर येतच नाहीत, आणि यांना नेमकी तीच हवी असतात. मोडलेल्या स्थळांचे फोटो जमवावेत तसला हा उद्योग.

समोरच्या इमारतीत कॉम्प्युटर क्लास चालवणारे मास्तर याच नादातले. दोघांचं अगदी गूळपीठ. एकेक बिल्ड टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेटने उतरवायला दोन-दोन दिवस लागायचे, तेवढा वेळ घरातला टेलिफोन अडलेला. बिचारी बायको माहेरी फोन करायला कोपऱ्यावरच्या दुकानात जायची!

मग एकदा थापाड्याला घबाड लागलं. कंपनीतल्या कुणीतरी पोस्टाने सीडी पाठवली. जगात कुणी न पाहिलेलं बिल्ड, पडद्याच्या तळाशी हिरवीगार पट्टी. याने एकट्याने चालवून पाहिलं आणि पाठवणाऱ्याची नोकरी जाऊ नये म्हणून सीडीवर भलतंच काहीतरी लिहून ठेवलं. काय लिहिलं, ते स्वारी विसरली!

मास्तर हौसेने बघायला आले. तीनशे सीड्या उपसल्या, घामाच्या धारा लागल्या, पण ती काही सापडेना. मास्तर हसून म्हणाले, "अरे थापाड्या!" झालं. शब्दाने शब्द वाढला, येणं-जाणं तुटलं. रस्त्यात समोरासमोर आले की दोघांनाही आपापल्या चपला न्याहाळायच्या असायच्या.

आणि आता मास्तर कायमचे लेकीकडे निघाले होते. रविवारी.

शनिवारी सकाळी बायको बाहुल्यांच्या टोप्या बेतत बसली होती. "अहो, भेटून तरी या त्यांना."

"कोणत्या तोंडाने? ती सीडी असती तर गोष्ट वेगळी. जाताना मला थापाड्या म्हणूनच जाणार ते."

बायकोने कापडावर सीडी ठेवली आणि तिच्याभोवती खडू फिरवला. प्रत्येक प्रिंटरबरोबर येणाऱ्या ड्रायव्हरच्या टाकाऊ सीड्या यानेच कधीतरी तिला दिल्या होत्या. ती त्या खडूच्या डब्यात कापडात गुंडाळून ठेवायची, गोल आखायला.

"मला आपलं नेहमी वाटतं," ती खडू झटकत म्हणाली, "घरात प्रिंटर तीनच होते ना? मग ड्रायव्हरच्या सीड्या चार कशा?"

थापाड्याने सीडी हिसकावली. त्याचंच अक्षर होतं. प्रिंटर ड्रायव्हर ४.

"आणि हे तू बावीस वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही फोन मोकळा सोडला असतात तर बोलले असते!"

डाव्या पायाची चप्पल उजव्यात घालून गडी मास्तरांच्या दारात हजर. मास्तर पेटी बांधत होते. याने नुसती सीडी पुढे केली. मास्तरांनी चष्मा पुसला आणि ते त्याच्या मागोमाग निघाले.

माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली आला. सीडी घरघरली, अडखळली, चालली. दोघं पाऊण तास खुर्च्यांच्या टोकावर. आणि शेवटी पडद्यावर काय? 'या आवृत्तीची मुदत संपली आहे.'

थापाड्याचा चेहरा पडला. "गेलं, मास्तर."

"सरक." मास्तरांनी कीबोर्ड ओढला. कच्च्या बिल्डांना मुदत असायचीच, आणि त्यावरचा उपाय या दोघांच्या बोटांत भिनलेला. कॉम्प्युटरचं घड्याळ मागे न्यायचं. मास्तरांनी तारीख टाकली, बावीस वर्षांपूर्वीची. अगदी भांडणाच्या आदल्या दिवसाची.

"तुमच्या लक्षात आहे?" थापाड्याने विचारलं.

"तुझ्या नाही?"

पडदा उजळला. खाली हिरवीगार पट्टी.

मास्तरांनी पट्टीवरून बोट फिरवलं. मग ते म्हणाले, "वहिनी, चहा टाका. आणि बाकीच्या तीन सीड्या आणा बघू."

"अहो, त्या खरंच ड्रायव्हरच्या आहेत!" थापाड्या ओरडला.

"तुझ्या लिहिण्यावर कोण विश्वास ठेवणार, थापाड्या?" म्हणत मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली. पेटी तिकडे अर्धीच बांधलेली राहिली.