वाटेवरचा सडा

उन्हाळ्यात माती लवकर तापते, म्हणून हल्ली मी उजाडायच्या आतच पळायला निघते. चपला पायांत टिकत नाहीत, त्यामुळं अनवाणीच. हातात मात्र दुधाची रिकामी किटली असते. बाई नुसतीच पळते म्हटलं तर लोक हसतील. दुधाला उशीर झालाय असं वाटलं की कुणी विचारत नाही. पण यंदा उकाड्यानं पहाटेही घशाला कोरड पडते. हे पळणं आता बंदच करावं, असं रोज मनात यायचं.

आज गावाच्या टोकाला शेवंताकाकू अंगणात सडा टाकत होत्या. मला बघून ओरडल्या, “अगं, डेअरी तर मागंच राहिली!”

मी लाजून थबकले.

काकू हसल्या. “रोज बघते मी. दुधासाठी कुणी एवढं खुशीत पळतं होय? ठेव ती किटली इथं, येताना ने.” आणि बादलीतलं उरलेलं पाणी त्यांनी माझ्या वाटेवर लांबवर शिंपडलं. “जा आता गारव्यातनं!”

सडा आपण घरी येणाऱ्यांसाठी टाकतो. नुसतं पुढून पळत जाणारीसाठी टाकलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मी इतकी जपून लपवलेली गोष्ट काकूंना कधीचीच माहीत होती, आणि त्यांना ती आवडतही होती.

किटली ओट्यावर ठेवून मी ओल्या मातीवरून पळत सुटले. मोकळे झालेले दोन्ही हात आपोआप हलायला लागले, तेव्हा मलाच मोठ्यानं हसू आलं.