आमच्या हॉटेलची जीभ

हॉटेल चालवणाऱ्या घरात दोन गोष्टी रोज उरतात, खरकटं आणि किस्से. खरकटं संध्याकाळी गाडीत जातं. किस्से मात्र घरातच साठतात, आणि भिशीला बायका जमल्या की "काय वहिनी, या महिन्यात काय नवीन?" म्हणून मागून घेतात. मी मूळची कमी बोलणारी. पण हॉटेलच्या स्वयंपाकघरात चार दिवस उभं केलं, तर देव्हाऱ्यातला देवसुद्धा बोलका होईल!

आमचं हॉटेल म्हणजे फार मोठं काही नाही. जळगावला रिंगरोडच्या आतल्या गल्लीत आमचं घर, त्यातल्या बैठकीत टेबलं टाकली, झालं हॉटेल. खिचडी-कढी, वरण-बट्टी, शेवभाजी आणि थंडीत भरीत-पुरी. एसी नाही, पण जेवून झाल्यावर कोणी गप्पा मारत बसलं तर त्याला "उठा" म्हणायचं नाही, हा आमच्या ह्यांचा नियम. हे गल्ल्यावर, बाजारहाट विलास भाऊजींकडे, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांकडे, आणि आत आम्ही दोघी जावा, मी आणि सुनंदा.

मी दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत वाढलेली, सुनंदा पिंपळनेरकडची. एरवी ती माझ्यासारखंच बोलते, पण चिडली किंवा खूश झाली की सरळ अहिराणी!

मला देवाधर्माची आवड. सोमवार, चतुर्थी, एकादशी, श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार. भाऊजी म्हणतात, "वहिनी जेवणार असतील त्या दिवशी बाहेर बोर्ड लावत जाऊ, 'आज विशेष'!"

आता उपवासाच्या दिवशी मी चव कशी घेणार? म्हणून रांधायचं मी आणि चव बघायची सुनंदानं. तळहातावर एक थेंब घ्यायची, चाटायची, डोळे मिटायची. "मीठ." मी मीठ घालायची. "आंबट." मी गूळ घालायची. "शे." म्हणजे झालं, वाढा! सगळ्या हॉटेलला मिळून ती एकच जीभ होती.

*

मग तापाची ती साथ आली. देवाच्या दयेनं घरातले सगळे बरे झाले. हॉटेल पुन्हा उघडलं.

भाऊजींनी ऑफरमध्ये आहे म्हणून दोन एकसारखे डबे आणले होते. त्यामुळं व्हायचं तेच झालं. दुपारच्या चहात मी साखरेच्या जागी मीठ घातलं! ह्यांनी पहिलाच घोट बेसिनमध्ये थुंकला. भाऊजी म्हणाले, "वहिनी, चहाचाही उपवास आहे का आज?" आम्ही पोट धरून हसलो.

हसता हसता माझं लक्ष सुनंदाकडं गेलं. तिचा कप रिकामा होता. सगळा चहा पिऊन तिनं तो नेहमीसारखा बशीत उपडा ठेवला होता.

आमचं हसू तिथंच थांबलं.

"कधीपासून गं?" मी विचारलं.

"ताप आला तेव्हापासून," ती म्हणाली. "चव बी नाही, वास बी नाही. वाटलं होतं येईल. तुमच्या भाज्यांना मी आपली अंदाजानंच 'शे' म्हणत होते."

*

डॉक्टर म्हणाले, येईल, पण कधी ते सांगता येत नाही. मग मी माझ्या डॉक्टरला सांगितलं. देव्हाऱ्यासमोर हात जोडले आणि बोलले, सुनंदाच्या तोंडाला चव येईपर्यंत मी शेवभाजी खाणार नाही. शेवभाजी म्हणजे माझा जीव. देवाकडं मागायचं, तर आवडीचंच सोडायला नको का?

मला वाटलं, सुनंदाला ऐकून बरं वाटेल. तिनं कपाळावर हात मारला. "वा अक्का! मन्ही जीभ देवनी लिधी, तुमनी तुम्हीच बांधी टाकी. आते हाटेल कोन चालाडी?"

*

चव बघायला कोणीतरी हवंच होतं. ह्यांना सगळं गोडच लागतं आणि भाऊजींना काहीच धड लागत नाही. शेवटी नेमणूक झाली आबांची.

आबा म्हणजे आमचं रोजचं गिऱ्हाईक. एसटीतून निवृत्त झालेले, दारातल्या टेबलावर बसणारे. पहिली वाटी त्यांच्यापुढं ठेवायची, आबा घास घ्यायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "उत्तम!" रोज उत्तम! मी म्हटलं, चला, माझ्या हातावर देवाची कृपा आहे.

एका एकादशीला खिचडीत मीठ घालायचंच राहिलं. आबांनी चव पाहिली. "उत्तम! आज तर फारच उत्तम!" मग काय, ताटं गेली बाहेर. आणि तशीच आली परत! एका मुलानं तर विचारलं, "काकू, मी आजारी आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं का?"

हे आबांपुढं जाऊन उभे राहिले. "आबा, अहो, मीठच नव्हतं त्यात!"

"हो ना!" आबा आनंदानं म्हणाले. "मला बीपी आहे. इतकी वर्षं तुमच्याकडं जेवतोय, आज पहिल्यांदा डॉक्टरच्या मनासारखं झालं!"

*

भाऊजी स्वतः उपचाराला लागले. कोणी सांगितलं, निरनिराळे वास दिले की नाक जागं होतं. सकाळी ते हिंगाची डबी सुनंदाच्या नाकाशी धरायचे, दुपारी कापूर, संध्याकाळी कॉफी. ती बिचारी हातातलं काम सोडून हुंगायची आणि मान हलवायची.

एकदा मोठ्या हौसेनं त्यांनी अत्तर आणलं. सुनंदाला डोळे मिटायला लावले. आम्ही सगळे भोवती उभे. मी मनात देवाचं नाव घेत होते. भाऊजींनी बूच काढलं आणि बाटली तिच्या नाकाखाली धरली.

"सांग, काय आहे?"

सुनंदानं मोठा श्वास घेतला. थांबली. भाऊजींचा चेहरा असा काही उजळला!

"बाटली शे," ती म्हणाली. "गार लागनी."

*

याच काळात तिखटाचा एक घोटाळा झाला. नरडाण्याच्या कारखान्यातली काही मुलं मॅच खेळायला जळगावला आली होती. निम्मी परराज्यातली. त्यांच्यासाठी सुनंदानं शेवभाजी केली, नेहमीच्या चमच्यानं तिखट घालून. पण भाऊजींनी तिखट नवीन आणलं होतं, आणि ते नेहमीच्या दुप्पट जहाल!

पडद्याआडून बघितलं तर सगळी टीम रडते आहे. कोणाचं नाक वाहतंय, कोणाचे कान लाल. मी ताकाचा जग घेऊन धावले. "बेटा, चुकलं आमचं, हे पी आधी."

त्यातला एक बंगालकडचा मुलगा होता. डोळ्यांतून धारा लागलेल्या, बोलता येईना. त्यानं हातानंच जग बाजूला सारला आणि वाटी पुढं केली. "आंटी, और एक!"

आत सुनंदाही रडत बसली होती. "मन्हामुळे पोरं रडनात, अक्का." किती सांगितलं, तरी तिला पटेना.

पुढच्या आठवड्यात ह्यांना त्याच मुलांचा फोन आला. "अंकल, वो रुलानेवाली शेवभाजी आज मिलेगी?" ह्यांनी त्याच दिवशी खडूनं बोर्डावर लिहून टाकलं, 'रडवणारी शेवभाजी'. सुनंदा भाजी घेऊन येत होती, तिनं बोर्ड वाचला आणि रस्त्यातच पिशवी खाली ठेवून हसत सुटली. किती दिवसांनी ती हसली होती! मी लगेच देवापुढं साखर ठेवली. म्हटलं, देवा, हसू दिलंस, आता पुढचंही बघ.

*

तोंडाला चव नाही, तर सुनंदा माणसांच्या तोंडाकडं बघून रांधायला शिकली. ताट बाहेर गेलं की ती पडद्याआड उभी राहायची आणि पहिला घास बघायची. "भिवई वर गई. मीठ जास्त." "पानी पिधं. तिखट." बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

एका रविवारी एक मुलगा आणि मुलगी आले. ठरवून भेटणारे, लगेच कळतं. मुलगी शांत, आणि मुलाच्या कपाळावर ह्या आठ्या! सुनंदा दह्याची वाटी घेऊन थेट टेबलाशी गेली. "भाऊ, मीठ जास्त पडलं ना? घे, दही कालव."

मुलगी म्हणाली, "नाही काकू, त्यांनी अजून घास घेतलाच नाहीये. मी विचारलं, तुम्हाला स्वयंपाक येतो का. तेव्हापासून असेच बसलेत!"

लग्न जमलं बरं का! मुलगा आता सुट्टीच्या दिवशी सुनंदाकडं बट्ट्या वळायला शिकतो. ती त्याला म्हणते, "हात चालव, नाहीतर ती दुसरा शोधी."

*

पण रोज काही असं हसण्यावारी जात नव्हतं. एका दुपारी गर्दी ओसरल्यावर सुनंदा तिचं ताट घेऊन बसली. वरण-भात होता. दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

"अक्का, स्वयंपाकाला महाराज ठेवा आता कोणीतरी," ती म्हणाली. "मी भांडी घासेन, पीठ मळेन. पण रांधायला मला उभी करू नका."

"असं का बोलतेस?"

"माय वरण करायची ना, हिंग आणि लसणाचं. मी डोळे मिटून आठवायला बसते. वाटी आठवते, मायचा हात आठवतो. चव नाही आठवत." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, त्याचीच मला भीती वाटली. "जिला चव ठाऊक नाही, तिनं लोकांना काय वाढायचं?"

देव मोठा आहे, येईल चव, असलं काहीतरी बोलले. ती म्हणाली, "तुमचा देव मोठा शे, अक्का. मन्हा घास धाकला शे. त्याले दिसत नही."

मी तिचं ताट उचललं नाही. शेजारी बसले, वरण कालवलं आणि एकेक घास तिच्या हातावर देत गेले. ती खात गेली. महाराज काही आम्ही ठेवला नाही.

*

आता चंपाषष्ठीचं सांगते.

त्या दिवशी आमच्याकडं खंडेरायाला वांग्याचं भरीत आणि रोडग्यांचा नैवेद्य असतो. चातुर्मास लागला की तोवर मी वांगं तोंडात घालत नाही. आणि नैवेद्याचं माझं सोवळं कडक. देवाच्या आधी कोणी चाखायचं तर नाहीच, पण त्याचा वाससुद्धा मुद्दाम घ्यायचा नाही. माझ्या आईनं हेच शिकवलं, आणि मी कधी त्यात बोटभर सूट दिली नाही. सणाच्या दिवशी घरातली माणसं माझ्या स्वयंपाकघरात श्वाससुद्धा जपून घेतात.

सुनंदा सकाळीच न्हाऊन आली. "अक्का, नैवेद्यनं भरीत माले करू द्या. माले वास बी येत नही, चव बी येत नही. मन्हाइतलं सोवळं जळगावमा कोनले जमी?"

ती थट्टेनं म्हणाली. "कर," म्हटलं.

भाऊजींनी अंगणात कपाशीच्या काड्या पेटवल्या, वांगी भाजून आणून दिली. सुनंदानं ती सोलली, लाकडाच्या बडगीत घातली, वरून मिरची, लसूण, कांद्याची पात, आणि ठेचायला बसली. मी रोडग्यांना तूप लावत होते. ह्यांनी देवापुढं पाट मांडला, भंडारा वाहिला.

ठेचण्याचा आवाज थांबला.

मी वळून बघितलं. सुनंदा बडगीवर वाकली होती. नाकपुड्या फुलल्या होत्या. तिनं पुन्हा श्वास घेतला. मग माझ्याकडं न बघता, कोणी झोपेत बोलावं तशी म्हणाली, "अक्का, वांगाना धूरना वास येस."

आणि मी काही म्हणायच्या आत तिनं भरतात बोट घातलं, तळहातावर टेकवलं, चाटलं आणि डोळे मिटले.

"मीठ कमी शे."

दारात भाऊजी उभे होते. हातातलं पातेलं तसंच. "काय? परत सांग."

सुनंदानं परत बोट घातलं! "कमीच शे."

मग तिला एकदम कळलं, आपण काय केलं ते. बोट हवेतच राहिलं. घाबरून माझ्याकडं बघायला लागली. "अक्का, देवनं शे ना हाई..."

हे माझा स्वभाव ओळखून आहेत. हळूच म्हणाले, "विलास, वांगी आहेत ना अजून? काड्या पेटव. नैवेद्याला दुसरं भाजू."

"नको," मी म्हटलं.

मी उठले. मिठाचा डबा काढला, चिमूटभर मीठ बडगीत घातलं, दोन हात फिरवले आणि बडगी सुनंदापुढं धरली.

"बघ गं. आता बरोबर झालं का?"

तिनं तळहातावर घेतलं, चाटलं, डोळे मिटले. किती वेळ उघडलेच नाहीत.

"आते बठ्ठं बराबर शे, अक्का."

मग मी तेच भरीत ताटात वाढलं, शेजारी रोडगा ठेवला आणि ताट खंडेरायापुढं नेऊन ठेवलं.