अकराच पोरं नेणारे कोच

फुटबॉल समजणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच जन्माला आला आणि तो चिखलीच्या धान्यबाजारात मापारी आहे, याबद्दल आमच्या कोचना कधी शंका नव्हती. आणि त्यांच्या हाताखाली खेळत होतो तोवर आम्हालाही नव्हती. लहानपणी भुसावळला मामाकडे राहून रेल्वेच्या ग्राउंडवर ते हा खेळ शिकले होते म्हणे. तेवढ्या शिदोरीवर त्यांनी आयुष्यभर साऱ्या जगाच्या चुका काढल्या. वर्ल्ड कपच्या दिवसांत चहाच्या हॉटेलात टीव्हीसमोर बसून ते परदेशी कोचना असं झापायचे, की गल्ल्यावरचा माणूस आपल्यालाच बोलले समजून उठून उभा राहायचा. एकदा कुठल्याशा देशाच्या कोचने दमलेला खेळाडू बाहेर काढून दुसरा आत पाठवला, तर आमचे कोच अर्धा चहा टाकून उठले. "पोरगं काढलं त्यानं," ते म्हणाले, "आता काय पाह्यतं." आणि खरंच निघून गेले. पुढे तो देश जिंकला, हे आम्ही त्यांना कधी सांगितलं नाही.

दिवसभर तूर-सोयाबीनची पोती तोलून त्यांना सवय अशी लागली होती, की माणूस दिसला की आधी त्याचं वजन दिसायचं. क्लबात नवा पोरगा आला की ते त्याच्या बगलेत हात घालून वीतभर उचलायचे, खाली ठेवायचे आणि त्याच्या नशिबाचा निकाल द्यायचे. हलका असला तर पुढे, जड असला तर मागे, आणि उचलताना हसला तर घरी. मला उचललं तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली. मी ना हलका होतो ना जड. म्हणून गोलात उभा राहिलो. आमचं ग्राउंड काळ्या मातीचं, उन्हाळ्यात त्याला हाताचा पंजा जाईल अशा भेगा पडायच्या. भेगा बुजवू का म्हणून विचारलं, तर म्हणायचे, राहू द्या, त्याच्यानं पोरं खाली पाहून पळणं शिकतात. सगळ्या दुनियेचे कोच मैदानाच्या बाजूला उभे राहतात, आमचे गोलाच्या मागे. समोरून खेळ दिसतो, मागून माणूस दिसतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे त्यांची सगळी बडबड माझ्या पाठीवर पडायची. कोणाचं लग्न जमलं म्हणून पळणं कमी झालं, कोणाच्या घरी काल भांडण झालं म्हणून पास चुकला, हे सारं मला ऐकून पाठ होतं. आमच्या टीमबद्दल मी जे काही सांगतो ते त्या जाळीपाशी ऐकलेलं आहे.

त्यांचा मोठा नियम एकच, आणि तो ऐकून बाहेरचे लोक हसायचे. स्पर्धेला जाताना ते अकराच पोरं न्यायचे. बारावा न्यायचा नाही. क्लबाच्या दारात काळीपिवळी जीप उभी असायची, तिच्यात अकरा जण कोंबायचे, चेंडूंची जाळी टपावर बांधायची आणि स्वतः ड्रायव्हरशेजारी अर्धे बाहेर लटकायचे. जागेचा प्रश्न नव्हता. आणखी चार माणसं मावतात हे त्या गाडीनं बाजाराच्या दिवशी कितीदा सिद्ध केलं होतं. प्रश्न तत्त्वाचा होता. "बारावा पोरगा सोबत असला," ते म्हणायचे, "की बाकीच्या अकराईले पडाची सोय होते." धाड गावी एकदा समोरच्या टीमच्या माणसाने चौकशी केली, तुमचे बदली खेळाडू कुठं बसलेत, पाणी पाठवतो. कोचनी छाती पुढे काढून सांगितलं, आमच्याकडे बदलण्यासारखं कोणी नाही. तो माणूस याला मोठेपणा समजला. आम्हीही मोठेपणाच समजलो. पोरं पडायची नाहीत हे मात्र खरं. जुलाब लागलेला आमचा एक विंगर आख्खी मॅच खेळला, आणि दोनदा खेळ थांबवून शेजारच्या तुरीत जाऊन आला.

मग दुखलं-खुपलं तर काय, याचं उत्तर त्यांच्या पिशवीतल्या डालड्याच्या डब्यात होतं. हळद, तुरटी आणि आणखी काहीतरी काळपट, ज्याचं नाव त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. गुडघा सुजला, लेप. खांदा निखळला, लेप. दाढ दुखली तरी गालावर बाहेरून लेप. गणितात नापास झालेल्या एका पोराच्या कपाळाला त्यांनी तो लावला होता आणि ऑक्टोबरच्या परीक्षेत तो पास झाल्याचं ते अनेक वर्षं पुरावा म्हणून सांगत. चेंडूला भोक पडलं तेव्हाही आधी तोच डबा उघडला होता. आम्ही हसायचो, पण लावून घ्यायचो. लावताना त्यांचा हात फार मऊ असायचा. पोती तोलणारा हात इतका मऊ असू शकतो याचं अजून मला नवल वाटतं.

गौतम आमचा बॅक. माझ्यापुढे तो उभा असला की मला गोलात कंटाळा यायचा, इतका तो खेळायचा. त्याचं सारं लक्ष पोलीस भरतीवर होतं. सकाळी चिखलीच्या रस्त्यावर पळायचा, संध्याकाळी आमच्यात खेळायचा. आई शेतमजुरीला जायची, वडील नव्हते, आणि अंगावर वर्दी आली की आईला बांधावर जाऊ द्यायचं नाही, हे त्यानं आम्हा सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं. बुलढाण्याला जिल्ह्याची फायनल होती. आम्ही एका गोलनं पुढे होतो. समोरचा पोरगा घसरत आला, गौतमचा पाय त्याच्याखाली गेला, आणि मी जो आवाज ऐकला तो वाळलेली काडी मोडल्याचा होता. कोच पळत गेले. घोटा दाबून पाहिला. "मुरगळलं," ते म्हणाले. डबा निघाला, लेप बसला, वरून त्यांनी आपला दुपट्टा आवळून बांधला. बाहेर बारावा कोणी नव्हताच. गौतम उठला. मॅच संपेपर्यंत एका पायावर नाचत त्यानं तीन चेंडू अडवले, आणि प्रत्येक वेळी कोच माझ्या पाठीमागून पुटपुटत होते, पाहा, याला म्हणतात पोरगं. कप आमचा झाला. क्लबाच्या कपाटात आजही तोच एक कप आहे.

त्यानंतर कोचनी गौतमला दवाखान्यात जाऊ दिलं नाही. रोज त्याच्या घरी जाऊन लेप लावायचे, मालिश करायचे, मऊ हाताने. सूज उतरली, पण पाऊल वाकडं टेकायला लागलं, तेव्हा त्याची आई त्याला बुलढाण्याला घेऊन गेली. हाड मोडलं होतं आणि वाकडंच जुळून आलं होतं, असं तिथे कळलं. कोचनी ते मानलं नाही. भरतीच्या दिवशी स्वतःच त्याला एसटीने घेऊन गेले, धावायच्या आधी लेप लावला, पळाल्याने पाय मोकळा होतो म्हणाले. गौतम अर्ध्या चकरीत खाली बसला. परत येताना दोघं एकाच सीटवर बसले होते. स्टँडवर उतरताना कोच म्हणाले, पुढच्या वर्षी. गौतम त्यानंतर ग्राउंडवर आला नाही, आणि कोच त्याच्या गल्लीतून जायचे बंद झाले. बाजारातून घरी जाताना ते लांबचा रस्ता धरायचे.

त्याच कपाच्या प्रमाणपत्रावर मला अमरावतीच्या कॉलेजात खेळाडूंच्या जागेतून प्रवेश मिळाला. आमच्या घरातला मी पहिला ग्रॅज्युएट आहे. हे मी लाजून सांगत नाही, कोणी विचारलं नाही तरी सांगतो. माझे वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे आणि मलाही तिथेच लावणार होते. कोच आमच्या अंगणात येऊन बसले, आईनं दिलेल्या चहाला हात लावला नाही. हा गोलात उभा राहून सगळं पाहतो, अशा माणसाला शिकवलं नाही तर त्याच्या पाहण्याचा उपयोग काय, असं ते वडिलांना म्हणाले. चहावर साय धरली तरी हलले नाहीत. शेवटी वडील हो म्हणाले, तेव्हा तो गार चहा एका दमात प्याले. आज मी ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. क्लबातली आणखी काही पोरं अशीच लागली. एक फौजेत आहे, एक तलाठी. कोचचा हिशोब मांडायचा तर हे सगळं एका पारड्यात येतं. दुसऱ्या पारड्यात एकच पाय आहे, आणि काटा काही केल्या हलत नाही.

मागच्या उन्हाळ्यात कोच गेले. त्याआधी लकव्याने अंथरुणाला खिळले होते. मी भेटायला गेलो की वजन ओळखायचा प्रयत्न करायचे, पण हात उचलत नव्हता. शेवटच्या भेटीत त्यांनी मध्येच विचारलं, गौतमचं वेल्डिंगचं दुकान चालते का. चालतं म्हटलं. ते छताकडे पाहत म्हणाले, "मुरगळलंच होतं नं बे ते?" मी पाणी पाजलं आणि उशी सारखी केली.

क्लबाने यंदा ग्राउंडच्या तोंडाशी लोखंडी कमान उभारायची ठरवली. अध्यक्ष नव्या पिढीतले, बाहेरून आलेले. त्यांनी कमानीवर कोचचं नाव द्यायचं ठरवलं आणि काम सर्वांत स्वस्त करणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याला दिलं. तो गौतम. मजकूर मी लिहिला होता म्हणून कागद घेऊन मलाच पाठवलं.

तो स्टुलावर बसून पाइप कापत होता, डावा पाय नेहमीसारखा लांब पसरलेला. कागद वाचला, मशीन बंद केलं. कमान बनवतो म्हणाला, क्लबाचं नाव कापतो, खालचं कोचचं नाव नाही. मी म्हटलं ती अक्षरं बुलढाण्याहून करून आणू. त्यावर कमानही तिकडूनच आणा, असं उत्तर आलं. मग मी शिकलेल्या माणसाप्रमाणे बोलायला लागलो. किती पोरं उभी केली, किती घरं सुधारली. त्यानं ऐकून घेतलं.

"तुले त्यानं मोठं केलं. हे खरं हाय," तो म्हणाला. "मंग तुह्या घरावर लाव नं त्याच्या नावाची पाटी."

हे मला लागलं. म्हणून जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं ते विचारलं, की त्या दिवशी कोचनी बाहेर काढलं असतं तर तू निघाला असतास का.

"नसतो निघालो. भांडलो असतो. हरलो असतो तर जन्मभर त्याले बोललो असतो." त्यानं पायावरची लोखंडाची भुकटी झटकली. "पन मी अठरा वर्साचं पोरगं होतो बे. मी तर नाईच म्हननार होतो. मले ओढून बाहेर काढनं हे त्याचं काम होतं, माहं नाई."

मी त्याला शेवटच्या भेटीतलं सांगितलं. कोचनी काय विचारलं ते.

"तू काय म्हनला मंग?"

"काई नाई."

"मंग आता लिहा," तो म्हणाला. "त्याचं नाव देता तर त्याच्या खाली लिहा, की गौतमचा पाय मुरगळला नोयता, मोडला होता. त्या दोन ओळी सोबत असल्या तर अक्षरं म्या कापतो. पैशे नोका देऊ."

मी हे जसंच्या तसं बैठकीत मांडलं. कोचच्या नावाची ओळ लावायची असेल तर तिच्या खालचीही लावा, नाहीतर दोन्ही नको, असंही सांगितलं. मी घाबरत नाही बोलायला. अध्यक्षांना वाटलं मी गंमत करतोय. कमानीवर असं कोणी लिहितं का, आल्या-गेल्याला काय वाटेल, मंत्रीबिंत्री उद्घाटनाला आले तर. खालची ओळ कोणालाच नको होती. खालची नाही म्हणून वरचीही गेली. क्लबाचं नाव तेवढं ठरलं आणि सगळ्यांना हायसं वाटलं, मला सोडून. कोचनी ज्यांना हाताला धरून चालवलं त्यातले निम्मे त्या खोलीत होते. त्यांचं नाव इतक्या सहज पुसलं जाईल असं मला वाटलं नव्हतं. आणि गौतम ज्याची वाट पाहत होता ते वाक्यही कुठे लिहिलं गेलं नाही.

कमान उभी राहायच्या दिवशी मी सकाळीच ग्राउंडवर गेलो. खड्डे खणून झाले होते. गौतम लंगडत एका खांबाचा ओळंबा पाहून दुसऱ्याकडे जात होता आणि सिमेंट घेऊन निघालेली गाडी वाट चुकल्याचा त्याला सारखा फोन येत होता. ड्रायव्हर नवा असावा. शाळा सांगून पाहिली, पाण्याची टाकी सांगून पाहिली, त्याला काही समजेना. शेवटी गौतम वैतागून म्हणाला, "अरे कोनालेबी इचार नं, कोचचं ग्राउंड कुठं हाय. लहान पोरगं सांगन तुले."

फोन खिशात ठेवून तो पुन्हा ओळंब्याकडे वळला. आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. मीही ते ध्यानात आणून दिलं नाही. गाडी लगेच आली.