ओठांवर आधी येणारे हसू

धाराशिवच्या स्थानकावर उतरले तेव्हा तेरची गाडी नुकतीच सुटली होती. तिने उडवलेल्या धुळीत क्षणभर उभी राहिले आणि काळीपिवळीत (वाटेत प्रवासी घेत जाणाऱ्या भाड्याच्या जीपमध्ये) शिरले. ढोकीच्या साखर कारखान्याच्या बाजूने मळीचा गोडसर, आंबूस वास येत होता.

"तेरला कुनाकडं, ताई?" चालकाने विचारले.

"माधवअण्णांकडे. विनोद लिहितात ते."

"लिवायचे म्हना! आता कुठं काय लिवतेत?"

मला नेमकी तीच धास्ती होती. अण्णांनी तरुणपणी तमाशासाठी बतावण्या (हजरजबाबी संवाद) लिहिल्या, मग नभोवाणीसाठी श्रुतिका, पुढे मुंबईत राहून दूरचित्रवाणीच्या मालिका. रेडिओला कान लावून मी त्यांच्याच वाक्यांवर हसायला शिकले. आता मी कथा लिहिते त्या आमच्या श्राव्यमालिकेसाठी मला त्यांचे नवे काही हवे होते, त्यांच्याच आवाजात.

तेरणेकाठच्या घरी अण्णांच्या पत्नी शांताकाकूंनी माडग्याची (हुलग्याच्या पिठाच्या पातळ, गरम पेयाची) वाटी हाती दिली. तिची ऊब तळव्यांत उतरत असताना अण्णांनी मोबाइलवर स्वतः केलेली चित्रफीत दाखवली. एक माणूस, एक म्हैस, एक हट्टी छत्री. शब्द एकही नाही.

"हिचे कान गेले," अण्णा म्हणाले. "जे लिहिलं ते आधी हिला वाचून दाखवलं. ही हसली तरच पुढं पाठवायचो. आता ऐकवू कुणाला? म्हणून बिनबोलाचं करतो."

काकूंनी चित्रफीत पाहिली. सुरकुतीसुद्धा हलली नाही. माझा ध्वनिमुद्रक पाहून त्या म्हणाल्या, "आवो, पोरीला कायतरी सांगा की. त्या म्हशीत काय ठिवलंय?"

अण्णांनी कानाकडे बोट दाखवले.

"कान गेलेत, डोळे न्हाय गेले. बोला गुमान!"

अण्णांनी घसा खाकरला. तुळजापूरच्या लॉजात दोन वऱ्हाडे उतरतात. एकातला रुसलेला मामा चुकून दुसऱ्यात शिरतो, मानपान करून घेतो, पोटभर जेवतो, टोपी-टॉवेल घेतो, मग नवऱ्याकडे निरखून बघतो...

काकू खळाळून हसल्या.

"अगं, हसायचं वाक्य अजून आलं न्हाय!"

काकूंनी अण्णांच्या ओठांकडे बोट केले. "हसू तितं आलंय की. सदा आधी तितंच येतंय."

अण्णा थबकले, मग त्यांनी वाक्य पुरे केले: "...आन् म्हनतो, आमच्या जावयाला मिशा कधी फुटल्या?"

परतीच्या गाडीत मी ध्वनिमुद्रण ऐकले. उसाच्या फडांवर संध्याकाळ पिवळी होत होती. काकूंचे हसू विनोदाच्या नंतर सरकवायला हवे, असे तंत्रज्ञ सांगतील. मी ते जागचे हलवू देणार नाही. माझे लेखन मी रिकाम्या खोलीत मोठ्याने वाचते, आणि वाक्य संपल्यावर पंख्याचा आवाज तेवढा उरतो. माझ्या ओठांकडे इतकी वर्षे कुणी पाहिले असते, तर मीही कदाचित विनोदच लिहिला असता.