मार्चअखेरचे पडदे

इंदिरानगरच्या आमच्या घरी पडदे घ्यायचे झाले की बायको एकटीच दुकानात जाते. मी का येत नाही, हे तिला कधी सांगितलं नाही. आता लिहून टाकतो.

मी जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात हिशेबाच्या टेबलावर आहे. गावांच्या आरोग्यासाठी सरकार जे पैसे देतं, ते मुंबईहून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला आणि तिथून गावच्या उपकेंद्राला असे उतरत जातात. बरेचदा उतरतात ते मार्च संपता संपता. एकतीस तारखेच्या आत खर्च दाखवला नाही तर परत जातात, आणि पुढच्या वाटपात आपला जिल्हा मागे पडतो.

इगतपुरीच्या पलीकडे एका उपकेंद्रात नेमकं बाळंतिणीच्या खाटेवर छत गळायचं. तिथल्या नर्स, आमच्या सिस्टर, मीटिंगला आल्या की माझ्या टेबलापाशी थांबायच्या.

"साहेब, पावसाच्या आत पत्रे बदलून द्या. तिकडे बाई कळा देते आणि मी बादली धरून उभी."

हसत सांगायच्या. मीही हसायचो.

एका मार्चमध्ये उपकेंद्रांसाठी पैसे आले. पण पत्र्यांसाठी बांधकामवाल्यांचं अंदाजपत्रक लागतं, आणि त्यांचा माणूस फोन उचलेना. हे पैसे पुढच्या वर्षी वापरू द्या, असं वर लिहिता आलं असतं. नकारही आला असता कदाचित. मी लिहिलंच नाही. द्वारका चौकाजवळच्या एका दुकानदाराने बिल आणि माल दोन्ही त्याच दिवशी दिलं, आणि तालुक्यातल्या सगळ्या उपकेंद्रांना हिरवे पडदे गेले. माझ्या खिशात रुपया आला नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा ऐकवलं आहे.

जूनमध्ये सिस्टरांचा फोन आला, पडदे आले पण पत्रे कुठे म्हणून.

"वरून पैसेच आले नाहीत, सिस्टर," मी म्हणालो. "पडदे वेगळ्या हेडखालच्या पैशातले."

त्यांनी विश्वास ठेवला. त्या विश्वासाची किंमत मला गेल्या वर्षी त्या उपकेंद्राच्या तपासणीला गेलो तेव्हा कळली. ओट्यावर सुनेला घेऊन आलेली एक म्हातारी बसली होती. मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "बाईनं पडदं लावलं अन् पत्रं खाल्लं."

उपकेंद्राच्या नावाचे पैसे आले होते, हे गावातलं कुणीतरी तालुक्याला ऐकून आलं होतं. ते गेले कुठे, याचं उत्तर गावाने आपलं आपण काढलं होतं: सिस्टरांनी खाल्ले.

आत सिस्टर चहा ओतत होत्या. "मनावर घेऊ नका. मी सांगते त्यांना, साहेब चांगले आहेत, वरूनच येत नाही म्हणून."

कप माझ्या हातातच राहिला. मी त्यांना सगळं सांगितलं. पैसे आले होते, मीच पडद्यांवर घातले, आणि फोनवर खोटं बोललो.

त्या म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? बाहेर सांगा."

मी ओट्यावर जाऊन सांगितलं. म्हातारीने ऐकून घेतलं.

"मंग आमी या बाईला नाय नाय ते बोललो." सिस्टरांकडे बघायचं तिने टाळलं. मग माझ्याकडे वळली. "बरं केलं सांगितलं. पर पत्रं?"

यंदा पैसे पुन्हा मार्चअखेरीलाच आले. अंदाजपत्रक मात्र मी थंडीतच करून घेतलं होतं. पत्रे चढवायला दिवस उरले नव्हते, म्हणून पैसे पुढच्या वर्षी वापरू द्यावेत असं पत्र वर पाठवलं. परवानगी अजून आलेली नाही. काल सिस्टरांना फोन करून तेच सांगितलं. 'वरून' एवढंच म्हणून सुटलो नाही. पत्र कोणत्या टेबलावर अडकलंय, तेही सांगितलं.

"थांबा साहेब," त्या म्हणाल्या. "ओट्यावर बसल्यात सगळ्या. स्पीकरवर टाकते. आता बोला."