गड्यांच्या सुरातल्या काकू

सोमवार. डिसेंबर लागून आठवडा होत आला.

बरेच महिने इथे काही लिहिलं नाही, माफ करा. लिहायला बसले की वाटायचं, हे सांगण्यासारखं आहे का... आणि खोडून टाकायचे. आजचं मात्र शांताकाकूंना विचारून लिहितेय. "लिही की, मी काय चोरी केली का?" म्हणाल्या.

काल गेवराईत आमच्या कॉलेजच्या हॉलमध्ये समूहगानाची कार्यशाळा झाली. पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. वेगवेगळ्या रीतीने गाणाऱ्यांना त्या हाताच्या खुणांनी एकत्र गायला लावतात. एका बाजूला माझ्या माहेरचं, तलवाड्याचं बायकांचं भजनी मंडळ... दुसऱ्या बाजूला गेवराईतले कव्वालीवाले गफूरभाई आणि त्यांचे साथीदार. गफूरभाईंचा बाजारात फळांचा गाडा आहे. जमवाजमव माझ्याकडे होती.

शांताकाकू मंडळाच्या मुख्य. त्यांनी ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची, ही जुनी रीत. मंडळाला आणायला मी गेले होते, तेव्हा जीपमध्ये काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "ही शेवटचीच येळ बघ. वरचा सूर लागंना आता. टाळ सुनेच्या हातात देऊन टाकते." काही महिने वरचा सूर आला की त्या टाळ जोरात वाजवून नुसते ओठ हलवत होत्या. हे कुणालाच माहीत नव्हतं... सुनेलाही नाही.

सकाळची सुरुवात गमतीची झाली. मॅडमनी तळवा वर केला, म्हणजे थांबा. पण आमच्या मंडळात हात वर गेला की लय चढवायची! मॅडमचा हात जितका वर, तितके बायकांचे टाळ जोरात... तिकडे गफूरभाई "वाह, वाह" करत होते, कारण त्यांच्याकडे हात वर म्हणजे दाद. शेवटी मॅडम खाली बसल्या, तेव्हा कुठे सगळे थांबले.

मग मॅडमनी एकेकाला पेटीजवळ बोलावून आवाज पाहिला. मंडळ गातं वरच्या पट्टीत, पेटीच्या काळी चारमध्ये, कव्वालीवाले बरंच खाली, काळी एकमध्ये. काकू टाळत टाळत सगळ्यांच्या शेवटी गेल्या. काळी चारला आवाज चिरकला. मॅडम एकेक स्वर खाली येत गेल्या... आणि काळी एकला काकूंचा आवाज असा भरून आला की सून, सुनीता, बघतच राहिली.

मॅडम खूश झाल्या. "सुंदर! तुम्ही पुरुषांच्या ओळीत बसा."

"गड्यांत बसू मी? कावून? मला काय मिशा हायेत?"

सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. पदर पुढे ओढून मागच्या भिंतीला टेकून बसल्या.

"आत्याबाई, चला की," सुनीता म्हणाली.

"तूच गा."

मॅडमचं संगीताच्या दृष्टीने बरोबर होतं. काकूंचंही बरोबरच होतं. मी मधे पडावं का... पडले तर जीपमधलं बोलणं उघड होईल, नाही पडले तर काकू अशाच घरी जातील आणि पुन्हा गाणार नाहीत. ठरेना. मॅडमनी स्वतः बांधलेलं एक छोटं गाणं सगळ्यांनी म्हटलं, काकू सोडून... आणि मी कडेला उभी राहून फोनवर रेकॉर्ड करत ऐकलं.

चहा झाला. गफूरभाईंनी आपली पेटी उचलली आणि थेट बायकांच्या सतरंजीच्या कडेला आणून ठेवली. "इधर आओ बे, सरको जरा," हे साथीदारांना. मग काकूंकडे न बघता, पेटीचा भाता सारखा करत म्हणाले, "काकू, तुमी बायांतच बसा. आमीच येतो तुमच्या बाजूला. आमच्यात आवाज लई हायेत, पन ओळ धरून देणारं कुनी न्हाई."

काकूंनी पदर मागे सारला.

"बाजारात पेरू कच्चे देतोस, आन हितं गोड बोलतोस व्हय रे गफूर?"

"पेरूचं सोडा काकू. सूर पिकलेला हाय का नाय, ते बगा."

काकू उठल्या. सतरंजीच्या कडेला येऊन बसल्या... बायकांच्या ओळीत शेवटच्या, गड्यांच्या ओळीत पहिल्या.

मॅडमनी या वेळी हात वर केलाच नाही, फक्त मान हलवली. खालून काकूंनी त्याच गाण्याची ओळ दिली, गफूरभाईंच्या मंडळींनी धरली, वरून सुनीताने उचलली. गाणं चालू असतानाच मंडळातल्या दोघी बसल्या बसल्या सरकत काकूंच्या मागे आल्या. वरचा सूर त्यांनाही झेपत नव्हता... बोलल्या नव्हत्या, इतकंच.

परतताना टाळ काकूंच्याच मांडीवर होते.

"सुनीता वरचं धरंल, मी खालचं," त्यांनी जाहीर केलं.

"मग टाळ मला न्हाईच का?" सुनीता.

"दुसरे घे."

उतरताना मला म्हणाल्या, "फोनमधी घेतलंस ना गं? मला मी ऐकायची हाय त्यात."

आज शांतपणे रेकॉर्डिंग ऐकलं. पुन्हा ऐकलं. काकूंचा आवाज वेगळा ओळखूच येत नाही... गफूरभाईंच्या मंडळींत पार मिसळून गेलाय. मन खट्टू झालं. काकूंना काय सांगू?

मग सकाळचं लावलं. काकू भिंतीला टेकून गप्प होत्या, तेव्हाचं. तेच गाणं, तीच माणसं... पण गाण्याला बूड नाही. काकू कुठे आहेत ते मला तेव्हा कळलं.

गफूरभाई हे वाचत नाहीत, तरी त्यांचे आभार लिहून ठेवते. मी विचार करत उभी होते, त्यांनी पेटी उचलली.

उद्या: सुनीताच्या फोनवर दोन्ही रेकॉर्डिंग पाठवायची. आधी काकूंशिवायचं, मग काकूंचं.