दाजी आणि लोकांच्या हनुवट्या

रविवार, सकाळ. जागा: पडेगावला ताईच्या घराचा व्हरांडा. हजर: माझी थोरली बहीण म्हणजे ताई, तिचे यजमान म्हणजे आमचे दाजी, शेजारच्या शबानाभाभी, मी, आणि कमरेखाली काहीच नसलेला एक रबरी पुतळा. दाजी त्याला 'पाहुणे' म्हणतात.

जगातली सगळी माणसं दाजींना फक्त नाकापासून हनुवटीपर्यंत दिसतात. शेंद्र्याच्या कारखान्यात त्यांनी नोकरीभर कामगारांना प्रथमोपचार शिकवले. निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन घरी येतात. दाजींनी कंपनीने मोडीत काढलेले हे सरावाचे पाहुणे मागून घेतले आणि डोक्याला हेल्मेट घालून, स्कूटरच्या मागच्या सीटवर बांधून आणले. तेव्हापासून त्यांना डुलकी घेणारा माणूस बघवत नाही. पैठणच्या एसटीत शेजाऱ्याची मान छातीवर पडलेली दिसली, की ते हळूच दोन बोटं लावून त्याची हनुवटी वर करतात. एकदा एक जण दचकून जागा झाला. "काका, खिसा चाचपता का?" "खिसा नाय, तुमचा श्वासाचा रस्ता मोकळा केला," असं म्हणून दाजींनी त्याला पैठण येईपर्यंत सोडलं नाही. लग्नात कोणी भोवळ येऊन पडलं, तर दाजी सगळ्यांच्या आधी पोहोचतात आणि कोणीतरी धावत आणलेली उशी जप्त करतात. "उशीनं मान वाकती, जीभ मागं पडती, अन् रस्ता बंद."

गेल्या वर्षी दाजींच्याच हृदयात स्टेंट बसला. लेक पुण्याला, घरात दोघंच. म्हणजे उद्या दाजी कोसळले, तर त्यांची हनुवटी उचलायला माणूस एकच, ताई. दर रविवारी वर्ग घेऊन अख्ख्या वसाहतीला बेशुद्ध माणसाच्या तोंडात फुंक मारायला शिकवलेल्या या माणसाची बायको मात्र प्रत्येक वर्गाला चहा देते आणि पाहुण्यांना हात लावत नाही. "धडधाकट नवरा समोर असताना असल्या गोष्टीची तालीम करायची नाय मला." दाजी फक्त रविवारचा वर्ग मुद्दाम घरीच ठेवतात.

या वेळी मी ठरवूनच गेले होते. पहिला नंबर शबानाभाभींचा लावला. दाजींनी सुरुवात केली: खांदे हलवून हाक मारा, उत्तर नाही, श्वासही नीट नाही, तर एकानं ॲम्ब्युलन्सला फोन करायचा आणि दुसऱ्यानं छातीच्या मधोमध जोरात दाबायला लागायचं. तीस दाब, मग दोन श्वास. भाभींनी नाक चिमटीत न धरताच फुंकलं. सगळी हवा नाकातून बाहेर.

"भाभी, खिडकी खुली रखके एसी चला रहे क्या?" दाजींनी टोकलं.

"भाईसाब, तुमचे मेहमान लई नखरेवाले हैं," भाभी म्हणाल्या, पण पुन्हा वाकल्या. नाक धरलं, पुतळ्याच्या तोंडाभोवती ओठ घट्ट टेकवले, आणि रबरी छाती वर आली. "बस," दाजी खुलले. "छाती उचलली की थांबायचं. ती खाली बसली की दुसरा श्वास. फुगा नाय फुगवायचा आपल्याला."

मग मी ताईच्या हातातला ट्रे काढून घेतला. "आता तू."

"अगं, चहा उकळतोय."

"चहा मी बघते. बस खाली."

बसली बिचारी. पुतळ्याच्या कपाळावर एक हात, हनुवटीखाली दोन बोटं, आणि मान अशी सफाईनं मागे गेली की दाजी बघतच राहिले. "कुठं शिकलीस?"

"शिकायचं काय त्यात? रोज रात्री करते. तुम्ही घोरता ना, मान मागं केली की गप होता."

भाभी ओढणीत तोंड लपवून हसल्या.

"आता फुंक," मी म्हणाले. ताईनं नाक धरलं, वाकली, आणि तशीच थांबली. "तुम्ही आत जा बघू," ती दाजींना म्हणाली. "समोर तुम्ही दिसता, अन् खाली पाहिलं तर इथंबी तुम्हीच दिसता."

दाजी निमूटपणे आत गेले. पडद्याखाली त्यांची पावलं दिसत होती. ताई पुन्हा वाकली, अगदी जवळ गेली. मग तिची चिमटी सुटली, आणि तिनं पदरानं पाहुण्यांचं कपाळ पुसलं.

"छाती वर आली का?" पडद्यामागून दाजींनी विचारलं.

ताई कपाळ पुसतच राहिली. भाभींनी माझ्याकडे पाहिलं.

"मान जमली, दाजी," मी म्हणाले. "फुंक राहिलीय."